नाशिकमध्ये सिनेमागृह उभारताय? आधी बाहेर पडायची वाट आखा

नव्या सिनेमागृहाचा नकाशा हाती आला की मालकाची नजर आधी पडद्याच्या रुंदीवर जाते, मग खुर्च्यांच्या आकड्यावर. जिने, दारं आणि पॅसेज उरलेल्या जागेत बसवून घेऊ, असा सगळ्यांचा हिशेब. हा क्रम उलटा करा. प्रेक्षक अनोळखी जागेत, अंधारात, मोठ्या आवाजात बसलेला असतो. चपला काढलेल्या, पिशवी पायाशी, मूल मांडीवर. आत येताना त्याने एकच दार पाहिलेलं असतं आणि गडबड झाली की तो त्याच दाराकडे धावतो. आगीपेक्षा धूर आधी पोचतो आणि जीव बहुतेक वेळा धुरानेच जातो. म्हणून कागदावर पहिली रेघ ओढायची ती शेवटच्या खुर्चीपासून उघड्या आकाशापर्यंतच्या वाटेची.

कागदपत्रांचा क्रम

नाशिक महापालिकेच्या हद्दीत बांधकामाला 2 डिसेंबर 2020 पासूनची यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आगीसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. मापं राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 4 मधली. खेळ दाखवण्याचा परवाना सिनेमा विनियमनाच्या 1953 च्या राज्य कायद्याखाली आणि 1966 च्या नियमांनुसार मिळतो.

वास्तुविशारदाचा नकाशा तयार झाला की आधी अग्निशमन विभागाचा तात्पुरता ना हरकत दाखला घ्यायचा. विभागाचं मुख्यालय शिंगाडा तलावावर आहे. त्या दाखल्यातल्या अटी धरून नगररचना विभागाकडून बांधकाम परवानगी. यंत्रणा बसवण्याचं काम महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीलाच द्या. ओळखीच्या प्लंबरने पाइप टाकला तर काम कितीही चोख असो, शेवटी लागणारा, यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा फॉर्म ‘अ’ त्याला देता येत नाही. तो परवानाधारक एजन्सीनेच द्यायचा असतो. त्यानंतर अंतिम दाखला, भोगवटा दाखला, विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि मग सिनेमाचा परवाना.

घोटाळा बहुतेक वेळा मधल्या काळात होतो. तात्पुरता दाखला मिळाल्यावर इंटिरियरवाला येतो, लॉबीत कॅफे काढतो, एक भिंत दीड मीटर सरकवतो, जिन्यासमोर तिकीट खिडकी उभी करतो. अंतिम तपासणीत मंजूर नकाशा आणि जागा जुळत नाहीत आणि तयार भिंत फोडावी लागते. आतली सजावट ठरवूनच नकाशा दाखल करा. नंतर काही बदललं तर सुधारित नकाशा मंजूर झाल्याशिवाय वीटही हलवू नका. खाली दिलेली मापं आखणी सुरू करण्यासाठी आहेत. तुमच्या दाखल्यात त्याहून कडक अट असेल तर तीच पाळायची.

बंबाची गाडी आत येते का?

समोरचा रस्ता किमान 12 मीटर रुंद हवा. फाटक 4.5 मीटर, वर कमान असेल तर खाली 5 मीटर मोकळी उंची. इमारतीभोवती 6 मीटर मोकळी जागा आणि तिथली जमीन भरलेल्या बंबाचं वजन पेलणारी. उंच इमारतीसाठी हे वजन 45 टन धरतात. पाण्याचा जमिनीखालचा हौद नेमका याच मोकळ्या जागेत येतो. त्याचा स्लॅब मोटारींच्या हिशेबाने टाकला तर बंबाचं चाक त्यात रुतेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे वजन लेखी कळवा.

मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या जुन्या भागात जुन्या सिनेमागृहाची जागा नव्याने बांधायची असेल तर गल्लीची रुंदी फितीने मोजूनच व्यवहार करा. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा या बाजूंना रस्ते मोठे आहेत, पण तिथे दुसरा त्रास होतो. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की 6 मीटरच्या मोकळ्या जागेत दुचाकींच्या दोन रांगा लागतात आणि फाटकात चाहत्यांची बांबूची कमान उभी राहते. कागदावर 6 मीटर असलेली वाट दोनवर येते. तिथे पिवळे पट्टे मारा, साखळी लावा आणि गर्दीच्या दिवशी एक माणूस फक्त त्या वाटेवर ठेवा.

ट्रान्सफॉर्मरची जागाही याच टप्प्यावर ठरवा. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 माणसं गेली. आग लागली होती तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला. तेल सांडलं, शेजारच्या मोटारी पेटल्या आणि धूर जिन्यातून व वातानुकूलनाच्या वाटेने वर बाल्कनीत चढला. तेलाचा ट्रान्सफॉर्मर इमारतीबाहेर, मोकळ्या जागेत ठेवा. आत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर ड्राय टाइप, म्हणजे तेल नसलेला घ्या आणि त्याची खोली पार्किंगपासून आगरोधक भिंतीने तोडा.

माणसं मोजा, मग जिने

हा हिशेब सोपा आहे, पण तो स्वतः करून पाहा. संहितेप्रमाणे सपाट वाटेला आणि दाराला माणशी 6.5 मिलिमीटर रुंदी, जिन्याला माणशी 10 मिलिमीटर. सिनेमागृहाचं दार 2 मीटरपेक्षा अरुंद नको, जिनाही 2 मीटरपेक्षा अरुंद नको.

समजा 300 खुर्च्यांचा एक पडदा आहे. 2 मीटरच्या दारातून 2000 भागिले 6.5, म्हणजे 307 माणसांची सोय होते. एकमेकांपासून लांब अशी दोन दारं दिली तर एक धुराने बंद झालं तरी दुसरं सगळ्यांना पुरतं. इथवर ठीक. पण हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर पुढे जिना आहे आणि 2 मीटरच्या जिन्यावर फक्त 200 माणसं धरतात. दोन जिने दिले की 400, नियमाचा आकडा भागला. आता एक जिना धुराने भरला असं धरा. 200 जण उतरतील आणि उरलेले 100 जण जिन्याच्या तोंडाशी अडकतील. याच मजल्यावर 300, 180 आणि 120 खुर्च्यांचे तीन पडदे असतील तर 600 माणसांना तीन जिने लागतात. आमचा आग्रह चौथ्याचा आहे. जागा महाग आहे हे खरं, पण नंतर जिना वाढवता येत नाही. खुर्च्या मात्र कधीही कमी करता येतात.

या हिशेबातून नेहमी सुटणारी गर्दी लॉबीत उभी असते. एक खेळ सुटताना दुसऱ्या खेळाची माणसं पॉपकॉर्नच्या रांगेत असतात आणि आगीच्या वेळी त्यांनाही तेच जिने लागणार. दोन पडद्यांच्या वेळांत किमान 20 मिनिटांचा फरक ठेवलात तर ही गर्दी विभागते.

कुठल्याही खुर्चीपासून सुरक्षित जिन्यापर्यंत किंवा बाहेरच्या दारापर्यंतचं अंतर 30 मीटरच्या आत हवं. हे अंतर पायी चालायच्या वाटेने मोजायचं. नकाशावर पट्टी तिरकी ठेवून 30 मीटर दाखवणारे भेटतात. खुर्च्यांच्या अंगावरून कुणी चालत जात नाही. रांगेतून वाटेपर्यंत, वाटेने दारापर्यंत, दारातून जिन्यापर्यंत, असं वळणावळणाने मोजा. एकाच बाजूने बाहेर पडता येईल असा बंद पॅसेज 6 मीटरपेक्षा लांब नको.

जिन्याची पायरी 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको, पाय ठेवायला किमान 300 मिलिमीटर, आणि एका सलग चढात 12 पायऱ्यांहून अधिक नाहीत. गोल वळणाच्या आणि त्रिकोणी पायऱ्या इथे चालत नाहीत. पळताना आतल्या टोकाला पाय टेकायला जागाच राहत नाही आणि एक पडला की मागचे त्याच्यावर कोसळतात.

रांगा आणि वाटा

दोन्ही बाजूंना वाट असलेल्या रांगेत जास्तीत जास्त 14 खुर्च्या, एकाच बाजूला वाट असेल तर 7. म्हणजे कुणालाही सातपेक्षा जास्त खुर्च्या ओलांडाव्या लागत नाहीत. मधली वाट 1.2 मीटर. उपहारमध्ये बाल्कनीत जादा खुर्च्या घातल्या होत्या आणि उजव्या बाजूचा बाहेर जायचा रस्ता आठ खुर्च्यांच्या खासगी बॉक्सने अडवला होता. परवान्यातल्या संख्येपेक्षा एकही खुर्ची जास्त नको, प्लास्टिकचीही नको.

हल्ली मागच्या रांगांत रिक्लायनर असतात. त्यांची पायटेक बाहेर आली की दोन रांगांमधली वाट संपते. त्यामुळे रांगेचं अंतर पायटेक उघडी असताना मोजा. मोटरवर चालणारी खुर्ची घेताना वीज गेल्यावर पायटेक हाताने किंवा पायाने दाबून आत जाते का, हे दुकानातच करून पाहा. जात नसेल तर ती खुर्ची घेऊ नका.

वाटेतल्या प्रत्येक पायरीच्या कडेला दिवा हवा. धूर छताकडून खाली उतरतो, वरच्या पाट्या आधी दिसेनाशा होतात आणि वाकून चालणाऱ्याला फक्त जमिनीलगतचा उजेड उपयोगी पडतो. वीज गेल्यावर लागणारे दिवे किमान 90 मिनिटं टिकले पाहिजेत आणि बाहेर पडायच्या वाटेच्या मध्यावर जमिनीशी 10 लक्स उजेड मिळाला पाहिजे. लक्समीटरचं ॲप मोबाइलवर मिळतं. ते तंतोतंत नसलं तरी अंधाऱ्या जागा सापडतात.

दारं

स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात 31 डिसेंबर 1929 रोजी ग्लेन सिनेमात फिल्मच्या एका डब्यातून धूर आला. मुलं पडद्यामागच्या वाटेने पळाली. तिथली जाळी बंद होती. 71 मुलं गेली आणि ती जळून नव्हे, चेंगरून.

म्हणून दार बाहेरच्या दिशेने उघडणारं हवं, आतून एका धक्क्यात उघडणारं हवं. त्यासाठी कमरेच्या उंचीवर आडवी पॅनिक बार असते. गर्दीचं अंग तिच्यावर रेललं तरी दार उघडतं. कडी, कोयंडा, वरखाली सरकणारा खटका यातलं काही चालत नाही. दार उघडल्यावर त्याची फळी बाहेरच्या पॅसेजची रुंदी खाते की नाही, तेही पाहा. दारापुढे लगेच पायरी नको, आधी दाराएवढी सपाट जागा द्या.

फुकटे आत शिरतात म्हणून बाहेरच्या दाराला कुलूप लावलं जातं. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. बाहेरून मूठच नसलेलं, आतून बारने उघडणारं दार बसवा आणि ते उघडलं की प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये घंटा वाजेल असा स्विच लावा. साखळी आणि कुलूप इमारतीतच ठेवू नका. हाताशी असलं की कुणीतरी लावतंच.

जिन्याची दारं 120 मिनिटांच्या आगरोधक दर्जाची आणि आपोआप बंद होणारी असतात. नेमकं हेच दार सफाईवाल्यांना सारखं उघडझाप करावं लागतं, मग त्याच्याखाली लाकडाची पाचर बसते. चार बोटांची पाचर, पण ती तिथे असली तर तो जिना धुराचं धुरांडं होतो. दार उघडं ठेवणं गरजेचंच असेल तर चुंबकाने धरणारं आणि अलार्म होताच सोडणारं होल्डर बसवून घ्या. दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. रंगारी ती रंगवून टाकतात किंवा सोलून काढतात, तेवढं त्यांना आधीच बजावा.

काय जळतं, धूर कुठून जातो

आवाजासाठी भिंतींना लावलेला फोम हा सगळ्यात मोठा धोका. साधा पॉलियुरेथेन फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही निघतो आणि थोड्या श्वासांत माणूस कोसळतो. त्याऐवजी ग्लास वूल किंवा रॉक वूल, वर आगरोधक प्रक्रिया केलेलं कापड. पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला मागा आणि दाखल्यावरचं उत्पादन व गोदामात उतरलेलं उत्पादन एकच आहे का, ते पेटीवरच्या नावाने ताडून पाहा. कापडाची प्रक्रिया धुतल्यावर उतरते, त्यामुळे पडदे धुण्याआधी पुरवठादाराला विचारा.

वातानुकूलनाचा डक्ट आगरोधक भिंत ओलांडतो तिथे फायर डॅम्पर, म्हणजे आगीत आपोआप मिटणारी पात्यांची चौकट हवी आणि त्याच्यापर्यंत हात पोचेल अशी झडप छतात हवी. झडप नसेल तर तपासणी होत नाही आणि डॅम्पर वर्षानुवर्षं गंजून अडकलेला राहतो. अलार्म होताच एएचयू, म्हणजे वातानुकूलनाची हवा फिरवणारं यंत्र बंद पडलं पाहिजे, नाहीतर तेच यंत्र एका पडद्याचा धूर दुसऱ्या पडद्याकडे नेतं. केबल भिंतीतून गेल्यावर राहिलेली भोकं आगरोधक मसाल्याने बुजवून घ्या. इंटरनेटवाला दर महिन्याला नवं भोक पाडतो, ते वेगळं.

तळघरात पार्किंग असेल तर आगीच्या वेळी तासाला 12 वेळा हवा बदलेल इतके पंखे लागतात.

पाणी

जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मधे उभा पाइप, प्रत्येक मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्ह (जवानांनी पाइप जोडायचा नळ) आणि होज रील (गुंडाळलेला रबरी पाइप). पंपांची जोडणी अशी असते: पाइपमध्ये नेहमी ठराविक दाब ठेवला जातो. थोडी गळती झाली तर छोटा जॉकी पंप तो भरून काढतो. दाब एकदम उतरला तर विजेचा मुख्य पंप सुरू होतो. वीज नसेल किंवा तो निघालाच नाही तर डिझेल पंप. पाइपमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला) 7 किलोचा दाब ठेवला असेल तर जॉकी 6 वर, मुख्य पंप 5 वर, डिझेल 4 वर, अशी उतरती मांडणी सर्वसाधारण असते. मुख्य पंप एकदा चालू झाला की आपोआप थांबू नये, तो माणसानेच बंद करायचा. सगळ्यात वरच्या, लांबच्या टोकाला पाणी सोडल्यावर 3.5 किलोचा दाब मिळायला हवा.

इथे ठरलेला बिघाड एकच. कुठेतरी एक व्हॉल्व्ह ठिबकतो. जॉकी दर पाच मिनिटांनी सुरू होतो, आवाजाने वैतागून वॉचमन पॅनेलची मूठ ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो. त्या क्षणापासून इमारतीत पंप आहेत पण संरक्षण नाही. पंपघरात गेल्यावर आधी ही मूठ पाहा, मग दाबाचा काटा. गळती शोधून काढा, मूठ हलवू नका. डिझेल पंप आठवड्यातून एकदा चालवा. तो न निघण्याचं कारण बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी असते.

पंपाला वीज मुख्य स्विचच्या आधीपासून, वेगळ्या ओळीने द्या. जवान येताच इमारतीचा मुख्य स्विच पाडतात. पंप त्याच स्विचवर असेल तर पाणीही तिथेच थांबतं.

होज बॉक्स उघडून पाहिल्याशिवाय तो भरलेला आहे असं समजू नका. पितळी नोझल भंगारात विकलं जातं आणि रिकाम्या जागेत झाडू येतो. काचेआडून पाइपची गुंडाळी दिसते, नोझल दिसत नाही.

स्प्रिंकलरमधली लाल काच 68 अंशांना फुटते. स्वयंपाकाच्या जागी किंवा जिथे मुळातच उष्णता जास्त असते तिथे 93 अंशांची हिरवी लावतात. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी 800 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्यातही स्प्रिंकलर लागतात. रंगकाम चालू असताना प्रत्येक स्प्रिंकलरवर कागदी टोपी घाला. रंगाचा थर बसला की काच उशिरा तापते आणि पाणी नीट पसरत नाही. रंगलेला स्प्रिंकलर पुसून चालत नाही, बदलावाच लागतो.

हाताने वापरायच्या सिलिंडरांत लॉबी आणि पॅसेजला एबीसी पावडर, केबिन आणि पॅनेल रूमला कार्बन डायऑक्साइड, पॉपकॉर्नच्या तेलाच्या जागी के क्लास. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, तो वजन करूनच तपासायचा. आतला वायू 10 टक्क्यांहून जास्त कमी झाला तर पुन्हा भरून घ्या. एलपीजीची टाकी हॉलच्या मजल्यावर नको, विजेवरची यंत्रं घ्या.

अलार्म झाला की पडदा थांबला पाहिजे

पडद्यावर स्फोट चालू असताना भोंगा वाजला तर तो सिनेमातलाच वाटतो. त्यामुळे अलार्म पॅनेलला तीन गोष्टी जोडून घ्या: सिनेमाचा आवाज तुटणं, हॉलचे दिवे पूर्ण लागणं आणि ध्वनिमुद्रित सूचना सुरू होणं. सूचना आधी मराठीत, मग हिंदीत, आणि छोटी: “प्रेक्षकहो, खेळ थांबवला आहे. जवळच्या हिरव्या पाटीच्या दाराने शांतपणे बाहेर पडा. लिफ्ट वापरू नका.” खोटा अलार्म झाल्यावर भोंगाच काढून ठेवायची सवय लागते. उंच छताला साधे डिटेक्टर धूळ बसून वारंवार फसवतात, तिथे बीम डिटेक्टर, म्हणजे हॉलभर सोडलेला किरण धुराने अडला की ओळखणारं यंत्र लावा आणि त्याच्या काचा पुसायचं वेळापत्रक ठरवा.

केबिनबद्दल थोडं. नाशिक हे दादासाहेब फाळक्यांचं गाव. त्यांच्या काळातली फिल्म नायट्रेटची होती. तिच्यात स्वतःचाच प्राणवायू असल्याने ती पाण्याखालीही जळत राही. केबिन वेगळी, जाड भिंतीची आणि खिडकीला झडप असलेली असावी, हा नियम त्या फिल्ममुळे आला. आज डिजिटल प्रोजेक्टर आहे, तरी झेनॉन दिव्याची उष्णता आणि बॅटऱ्या असल्याने वेगळी, धूर बाहेर नेणारी केबिन अजूनही हवीच. तिचं गोदाम करू नका.

परवाना मिळाल्यानंतर

दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म ‘ब’ परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा. तारीख एजन्सीवर सोडू नका.

पहिल्या खेळाआधी डोअरकीपरने प्रत्येक दार स्वतः ढकलून बाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत चालून यायचं. नुसतं बघून उपयोग नाही, बाहेरच्या बाजूला दुचाकी टेकवलेली असते. मग जिन्याची दारं सोडून ती आपोआप बंद होतात का, वाटेतले दिवे, पंपाची मूठ, दाबाचा काटा. वहीत वेळ आणि सही. प्रत्येक पडद्यासाठी कोण कुठल्या दाराशी उभं राहील, व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला कोण नेईल, 101 वर फोन कोण करेल, ही नावं पाळीगणिक फळ्यावर लिहा. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी दिवे बंद करून मधल्या रांगेतून बाहेर चालायला लावा.

शेवटचा खेळ सुटला की प्रत्येक रांग चालून पाहायची. खुर्चीच्या फटीत पेटतं थोटूक, प्लगला विसरलेला चार्जर, कारपेटवर सांडलेलं तेल. त्यानंतर दिव्यांचे आणि वातानुकूलनाचे स्विच पाडायचे, आणि पंपाच्या ओळीचा स्विच तसाच चालू ठेवून, ‘ऑटो’वरची मूठ पुन्हा एकदा पाहून पंपघराला कुलूप लावायचं. किल्ली रखवालदाराकडे.